पट्टा सर्वांत शेवटी सुटतो: कुत्र्याला मोकळं सोडण्याआधीची तयारी, आणि हल्ला झालाच तर काय करायचं

मोकळ्या कुत्र्याने कुणावर झेप घेतली की मालकाच्या तोंडून बहुतेक वेळा एकच वाक्य निघतं: "आजवर असं कधीच केलं नव्हतं हो त्याने." बरेचदा ते खरंही असतं. कारण चूक त्या दिवशी झालेली नसते, ती काही महिने आधीच झालेली असते. आधी पट्टा सोडला जातो, मग हाक शिकवायला घेतली जाते, आणि ऐन वेळी कुत्रा हाकेला दाद देत नाही हे कळतं तेव्हा समोर कुणीतरी रक्ताळलेला हात धरून उभं असतं.

क्रम नेमका उलटा हवा. आधी तब्येत, मग साहित्य, मग दार, मग हाक, मग लांब दोरी, आणि सगळं जमल्यावर मोकळं सोडणं. पहिले सात टप्पे कुत्रा पाळणाऱ्यांसाठी आहेत. शेवटचे तीन सगळ्यांसाठी आहेत, घरात कुत्रा नसला तरी ते वाचून ठेवा.

थांबा: तुमच्या कुत्र्याने याआधी माणसाला चावा घेतला असेल, किंवा दुसऱ्या कुत्र्याला टाके पडतील इतकी जखम केली असेल, तर सार्वजनिक जागी त्याला मोकळं सोडण्याचा बेत रद्द करा. त्याच्यासाठी टप्पा १, २, ३ आणि ६ आहेत. सोबत पशुवैद्य आणि कुत्र्यांच्या वर्तनाचा जाणकार यांची मदत घ्या. पट्ट्यावर राहूनही कुत्र्याचं आयुष्य चांगलं जाऊ शकतं. भरपूर वास घेऊ देणारा तासभराचा फेरफटका त्याला पुरेसा आनंद देतो.

## टप्पा १: कुत्रा सोडण्यालायक आहे का, ते ठरवा

१. पशुवैद्याकडे जा. एरवी शांत असलेला कुत्रा अलीकडे हात लावला की गुरगुरतो, दुसरा कुत्रा जवळ आला की भडकतो, असं असेल तर आधी दुखणं शोधायचं. कान, दात, कंबर आणि मागच्या पायांचे सांधे नीट तपासून घ्या. ज्याची कंबर दुखते त्याच्या अंगावर दुसरा कुत्रा खेळायला उडी मारतो, कळ जाते आणि तो चावतो. हे शिकवणुकीने सुटत नाही, औषधाने सुटतं.

२. कागदपत्रं चालू ठेवा. रेबीजच्या लसीची तारीख उलटलेली असेल तर पुढचं सगळं नंतर. लसीच्या पुस्तिकेचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. मायक्रोचिप असेल तर तिचा १५ अंकी क्रमांक तुमच्याच नावावर आणि सध्याच्या फोन नंबरवर नोंदलेला आहे का, ते पाहा. चिप बसवताना दिलेला जुना नंबर तसाच राहून जाणं ही फार नेहमीची चूक आहे. गळपट्ट्यावरही फोन नंबर कोरलेला बिल्ला हवा.

३. दोन आठवडे वही लिहा. फिरायला गेल्यावर कुत्रा कशावर नजर रोखतो, किती पावलांवरून, आणि त्या क्षणी नाकासमोर धरलेला खाऊ घेतो का, एवढंच लिहायचं. सायकल, पळणारी मुलं, मांजर, शेळ्यामेंढ्या, लहान कुत्री, पावसाळी टोपी घातलेला माणूस, जे दिसेल ते. ज्या अंतरावर तो आवडता खाऊही नाकारतो, ती त्याची हद्द. त्याच्या आत आल्यावर तुमचं बोलणं त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. हा आकडा टप्पा ५ मध्ये लागणार आहे.

नसबंदी केली की सगळं शांत होईल, या भरवशावर राहू नका. त्याने नराचं भटकणं कमी होतं, पण भीतीपोटी येणारा आक्रमकपणा जात नाही. जातीवरूनही निष्कर्ष काढू नका. मात्र आकाराचा विचार कराच. ३५ किलोचा कुत्रा निव्वळ प्रेमाने अंगावर आला तरी म्हातारं माणूस पडून खुब्याचं हाड मोडू शकतं, आणि ४ किलोच्या कुत्र्याला त्याची एक थापही जबर लागते.

## टप्पा २: साहित्य जमवा आणि तपासा

* साधा पट्टा: लांबी १.५ ते २ मीटर. मोठ्या कुत्र्याला २० ते २५ मिलिमीटर रुंदीचा, लहानाला १० ते १५.
* हार्नेस: छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा. खांद्यावरून आडवी पट्टी जाणारा नको, त्याने पुढच्या पायांची हालचाल अडते.
* गळपट्टा: मान आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं सपाट जावीत. तीन गेली तर तो डोक्यावरून निसटणार. ज्यांचं डोकं मानेइतकंच अरुंद असतं त्यांना ओढ पडल्यावर थोडा आवळणारा मार्टिंगेल गळपट्टा लावा.
* लांब दोरी: १० मीटर, न ताणणारी, भिजली तरी जड न होणारी. सोबत हातमोजे.
* खाऊ: वाटाण्याएवढे ४० ते ५० मऊ तुकडे. चावायला वेळ लागेल असा कडक खाऊ इथे कामाचा नाही.
* शिट्टी: ऐच्छिक. तुमचा आवाज घाबरल्यावर बदलतो, शिट्टीचा बदलत नाही, हा तिचा फायदा.

बटण दाबल्यावर गुंडाळला जाणारा पट्टा या कामासाठी घेऊ नका. त्याची बारीक दोरी हाताला किंवा पायाला घासून कापते. मूठ हातातून सुटली तर ती खडखडत कुत्र्याच्या मागे ओढली जाते आणि तो आणखी घाबरून पळत सुटतो. टोचणारे किंवा विजेचा झटका देणारे गळपट्टेही नकोत. समोर दुसरा कुत्रा दिसला आणि त्याच वेळी मानेला वेदना झाली, तर कुत्रा त्या दोन्हींची सांगड घालतो: समोरचा कुत्रा दिसला की दुखतं. पुढच्या वेळी तो लांबूनच हल्ल्याच्या तयारीत असतो.

तपासणी: पट्ट्याचा हूक. ही तपासणी रोज, घरातून निघताना. हुकाचा खटका अंगठ्याने मागे ओढा आणि सोडा. तो 'टक्' करून पूर्ण मिटला पाहिजे. आत वाळूचा कण किंवा केसांचा पुंजका अडकला की स्प्रिंग मंद होते आणि खटका केसभर उघडा राहतो. वरून पाहिलं तर मिटल्यासारखाच दिसतो. कुत्र्याने मान फिरवून झटका दिला की कडी त्या फटीतून सरकून बाहेर येते आणि तुमच्या हातात नुसता पट्टा राहतो. खटका अडखळत असेल तर धुऊन, वाळवून पुन्हा पाहा. तरीही अडखळला तर पट्टा बदला.

तपासणी: हार्नेस. कुत्र्याच्या समोर उभं राहून पट्टा हळू आपल्याकडे ओढा. घाबरलेला कुत्रा नेमका असाच मागे सरतो. हार्नेस कोपरांवरून पुढे घसरला तर पट्ट्या आवळा. ताकदवान किंवा भित्रा कुत्रा असेल तर दोन टोकांचा पट्टा घ्या, एक हूक हार्नेसला आणि दुसरा गळपट्ट्याला. एक निसटला तरी दुसरा धरतो.

## टप्पा ३: दार आणि फाटक

'मोकळा कुत्रा' म्हटलं की डोळ्यांसमोर मैदान येतं. पण कित्येक हल्ले घराच्या उघड्या दारातून सुरू होतात. कुणीतरी पार्सल घ्यायला दार उघडलं, पायांमधून कुत्रा सुटला आणि समोरून जाणाऱ्या कुत्र्यावर जाऊन पडला.

१. कुत्रा आणि रस्ता यांच्यामध्ये नेहमी दोन अडथळे ठेवा. घराचं दार आणि अंगणाचं फाटक, किंवा दार आणि आतलं लहान मुलांसाठीचं जाळीचं गेट.

२. फाटक आपोआप बंद होणारं करा आणि कडी कुत्र्याच्या नाकाला लागणार नाही इतक्या उंचीवर बसवा. नाकाने कडी उचलायला कुत्री लवकर शिकतात.

३. कुंपणाच्या तळाशी फट किती आहे, ते महिन्यातून एकदा चालत जाऊन बघा. डोकं जाईल तिथून अंग जातं.

४. दारापाशी थांबायला शिकवा. हात कडीवर ठेवा. कुत्रा उठला तर हात मागे घ्या. बसून राहिला तर दार बोटभर उघडा. पुन्हा उठला तर बंद करा. दार पूर्ण उघडं असताना तो १० सेकंद बसला आणि तुमच्या 'चल' या शब्दावरच उठला, की हा धडा पुरा. दिवसातून ५ मिनिटं दिली तर दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्र्यांना जमतं.

इशारा: थांबायला शिकलेला कुत्रा म्हणजे बंद फाटक नव्हे. घंटा वाजली की आधी कुत्रा पट्ट्यावर किंवा दुसऱ्या खोलीत, मग दार. घरातल्या प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, हाच क्रम पाळायचा.

## टप्पा ४: हाक

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. 'आमचा येतो हाकेला' असं सांगणाऱ्यांचा कुत्रा बहुधा दुसरं काही चाललेलं नसताना येतो. खरी हाक म्हणजे समोर मांजर पळत असताना वळून येणं. त्या दोन्हींमध्ये शेकडो आवृत्त्यांचं अंतर आहे.

१. नवा शब्द निवडा. कुत्र्याचं नाव हाक म्हणून वापरू नका. नाव दिवसातून पन्नास वेळा घेतलं जातं आणि झिजतं. जो शब्द पूर्वी हजारदा ओरडून वाया गेला आहे, तोही नको. दोन अक्षरी, ठसठशीत आणि घरात एरवी न येणारा शब्द घ्या. घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा.

२. शब्दाला मोल द्या. पहिले ३-४ दिवस कुत्र्याकडून काहीच मागायचं नाही. तो शेजारीच आहे. शब्द म्हणा, सेकंदभराने खाऊ द्या. एका वेळी १० वेळा, दिवसातून तीनदा. शब्द कानी पडताच तो मान वळवून हाताकडे पाहू लागला की पुढे सरका.

३. घरात अंतर वाढवा. आधी २ मीटर, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाहून, मग दुसऱ्या खोलीतून. एकदाच हाक. आला की एक तुकडा देऊन संपवू नका. ४-५ तुकडे एकामागून एक द्या, म्हणजे तो तुमच्यापाशी रेंगाळायला शिकेल.

४. गळपट्टा धरायची सवय लावा. भल्याभल्या कुत्र्यांचं इथे बिनसतं. ती हाकेला येतात, पण हात पुढे आला की दोन पावलं मागे सरतात, आणि मालक त्यांच्याभोवती गोल गोल फिरत राहतो. उपाय सोपा आहे. कुत्रा आला, गळपट्टा धरा, धरलेला असतानाच खाऊ द्या, आणि लगेच सोडून द्या. आधी धरणं, मग खाऊ. उलट केलंत तर तो खाऊ टिपून पळायला शिकेल. हात हनुवटीखालून न्या, डोक्यावरून नको.

५. अंगणात किंवा कुंपण असलेल्या रिकाम्या जागेत हेच सगळं पहिल्यापासून. घरात पक्की झालेली हाक बाहेर अर्धीच राहते. त्यात कुत्र्याचा हट्ट नसतो, त्याच्यासाठी ती नवी जागा असते. म्हणून पुन्हा २ मीटरपासून सुरुवात.

पुढे जायचा नियम: १० हाकांपैकी ९ वेळा पहिल्या हाकेला आला तर पुढची पायरी. ७ किंवा त्याहून कमी असेल तर एक पायरी मागे या. मधलं काही आलं तर तिथेच आणखी दोन दिवस.

### इथे होणाऱ्या चुका

एकच हाक पुन:पुन्हा मारणं. पाच वेळा ओरडलात की कुत्रा पाचव्या हाकेला यायला शिकतो. एकदा हाक मारा, आला नाही तर जवळ जाऊन त्याचं लक्ष वेधा आणि पुढच्या वेळी अंतर कमी ठेवा.

उशिरा आला म्हणून रागावणं. कुत्रा रागाची सांगड आपल्या शेवटच्या कृतीशी घालतो, आणि त्याची शेवटची कृती 'परत येणं' ही असते. वीस मिनिटांनी आला तरी शाबासकीच द्यायची. हे कठीण जातं, पण एका रागावण्याने महिन्याची मेहनत धुऊन जाते.

फक्त घरी जायच्या वेळी बोलावणं. कुत्र्याला हाक म्हणजे खेळ संपला असं वाटू लागतं. दहापैकी नऊ वेळा बोलावून, खाऊ देऊन पुन्हा खेळायला पाठवा.

खाऊ लवकर बंद करणं. जमलं म्हणून दुसऱ्या महिन्यात खाऊ थांबवला की तिसऱ्या महिन्यात हाक विरते. पहिलं वर्षभर खिसा रिकामा नको.

## टप्पा ५: लांब दोरी

घरातली हाक आणि मोकळं मैदान यांच्यामधला पूल म्हणजे ही दोरी. बहुतेक जण हाच टप्पा गाळतात.

१. दोरी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावा, गळपट्ट्याला कधीच नाही. १० मीटर धावत जाऊन कुत्रा टोकाला पोहोचला की बसणारा झटका मानेला गंभीर इजा करू शकतो.

२. दोरी हाताला गुंडाळू नका, बोटात अडकवू नका. सैल वेटोळे एका हातात धरा, दुसऱ्या हाताने सोडा-आवळा. टोकाला फास ठेवू नका, तो झुडपात अडकतो.

३. वहीतली हद्द काढा. कुत्रा दुसऱ्या कुत्र्याकडे ३० पावलांवर खाऊ नाकारत असेल तर सराव ४० पावलांवरून. त्याने समोरच्याकडे पाहिलं, तुम्ही हाक मारली, तो वळला की मूठभर खाऊ. असं चार-पाच दिवस जमलं की दोन-तीन पावलं जवळ. एका वेळी एकच गोष्ट अवघड करा. अंतर कमी केलंत तर जागा ओळखीची ठेवा. जागा नवी असेल तर अंतर वाढवा.

४. वळला नाही तर दोरीला हिसका देऊ नका. दोरी धरून थांबा, तिच्यावर हात सरकवत त्याच्याकडे जा आणि सोबत उलट्या दिशेने चालू लागा. आपण खूप जवळ आलो होतो, एवढाच त्याचा अर्थ.

५. पुढचे काही आठवडे दोरी हातात न धरता जमिनीवर लोळू द्या. गरज पडली तर तिच्यावर पाय ठेवता येतो. पायात जाड तळव्याचे बूट हवेत.

तपासणी: सोडायचं की नाही? तीन वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी, सलग २० हाका. त्यातल्या निम्म्या तरी समोर दुसरा कुत्रा, सायकल किंवा पळणारं माणूस असताना. विसाच्या वीस वेळा पहिल्याच हाकेला वळला तर टप्पा ७. एकदा जरी चुकला तर अजून दोन आठवडे दोरी. हा नियम कडक वाटेल, पण मैदानात चुकलेली ती एकच हाक कुणाच्या तरी चाव्याची असू शकते.

सहा महिने ते दीड वर्ष या वयात शिकलेलं विसरल्यासारखं होतं. गुणी पिल्लू एकाएकी ऐकेनासं होतं. घाबरू नका, पुन्हा दोरी लावा आणि मागच्या पायरीवरून चढा.

## टप्पा ६: मुसकीची सवय

मुसकी ही शिक्षा नाही. दवाखान्यात, गर्दीत, किंवा जमिनीवरचं काहीही गिळणाऱ्या कुत्र्यासाठी ती सुरक्षेची साधी वस्तू आहे. जाळीची, टोपलीसारखी घ्या. तिच्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता आणि पाणी पिता आलं पाहिजे. तोंड आवळून धरणारी कापडी मुसकी काही मिनिटांच्या तपासणीपुरतीच. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, त्यामुळे ती घालून फिरवल्यास उष्माघात होऊ शकतो.

आठ-दहा दिवस मुसकीत खाऊ ठेवून त्याला स्वतःहून नाक घालू द्या. मग नाक आत असताना खाऊ भरवत राहा, मग बक्कल लावून लगेच काढा, मग १० सेकंद, मग मिनिट. पंजाने ओरबाडायला लागला तर घाई झाली आहे. नाकापुढे साधारण बोटभर मोकळी जागा हवी.

## टप्पा ७: पहिल्यांदा सोडताना

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. तिथे सोडायची परवानगी आहे का, चारी बाजूंनी कुंपण आहे का, आणि जवळ लहान मुलांची खेळायची जागा किंवा चरणारी जनावरं आहेत का. घरात दोन कुत्री असतील तर एका वेळी एकच सोडा. जोडीने असली की एकमेकांना चेव चढतो आणि हाक हवेत विरते.

पहिल्या दिवशी दोन मिनिटं सोडा, बोलावा, पट्टा लावा, खाऊ द्या, पुन्हा सोडा. असं पाच-सहा वेळा करून घरी या. मोबाईल खिशात ठेवा. तुमची नजर कुत्र्याच्या पुढे ५० पावलं असली पाहिजे, कुत्र्यावर नव्हे. येणारं माणूस त्याच्याआधी तुम्हाला दिसायला हवं.

पट्ट्यावरचा कुत्रा दिसला की आपला कुत्रा आधी पट्ट्यावर घ्यायचा. याला अपवाद नाही. समोरचा कुत्रा आजारी असेल, म्हातारा असेल, आधी कधी चावा खाल्लेला असेल. पट्ट्यामुळे त्याला पळून जाता येत नाही, म्हणून घाबरला की त्याच्यापुढे चावणं हाच मार्ग उरतो. लांबून "काही करत नाही हो तो" असं ओरडणं म्हणजे समोरच्याला आधार देणं नव्हे. तुमचा काही करणार नाही, पण त्यांचा करेल, किंवा ते माणूसच भीतीने गारठून जाईल. दोन्ही कुत्री पट्ट्यावर असताना आधी विचारा, नाही म्हणाले तर वळून निघून जा.

कुत्रा धाव घेण्याआधी काय दिसतं, ते ओळखायला शिका. धापा टाकणारं उघडं तोंड एकदम मिटतं. कान पुढे येतात, मान खांद्यांच्या रेषेत खाली जाते, वजन पुढच्या पायांवर येतं. शेपटी थांबते, किंवा ताठ उभी राहून टोकाशीच थरथरते. मग सगळं अंग क्षणभर गोठतं. हाक मारायची वेळ तोंड मिटण्याची आहे, गोठण्याची नव्हे. अंग गोठल्यावर हातात एखादाच सेकंद उरतो.

## टप्पा ८: मोकळा कुत्रा तुमच्याकडे येतो आहे

१. पळू नका, किंचाळू नका. पळणाऱ्याचा पाठलाग करणं कुत्र्याच्या अंगात असतं.

२. अंग थोडं तिरकं करा, हात छातीजवळ, बोटं मिटलेली. डोळ्याला डोळा भिडवू नका, पण पाठही करू नका.

३. ठाम, खालच्या आवाजात 'थांब' किंवा 'घरी जा' म्हणा. कित्येक पाळीव कुत्री एवढ्यानेच अडखळतात.

४. सोबत तुमचा कुत्रा असेल तर त्याला मागे घ्या आणि जवळचा मूठभर खाऊ येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडासमोर जमिनीवर फेका. तो हुंगत असताना वळसा घेऊन निघा. पट्टा ताठ ओढून धरू नका. ताण तुमच्या कुत्र्यालाही भडकवतो.

५. छत्री, पिशवी, सायकल, जे असेल ते मध्ये धरा. मारायला नव्हे, आडोसा म्हणून.

६. लहान कुत्र्याला उचलायचं असेल तर समोरचा पोहोचण्याआधी, आणि तेही गाडीत, फाटकाआड किंवा उंचावर ठेवता येणार असेल तरच. छातीशी धरून उभं राहिलात तर मोठा कुत्रा उडी मारतो आणि चावा तुमच्या हातावर, चेहऱ्यावर बसतो.

७. खाली पडलात तर पोटाकडे गुडघे घेऊन गोळा व्हा, मुठी मानेमागे, कोपरांनी कान झाकलेले. हलू नका. मुलांना हे घरात खेळासारखं करवून घ्या. 'झाडासारखं उभं राहा, दगडासारखं पड' एवढं लहानांनाही लक्षात राहतं.

## टप्पा ९: दोन कुत्र्यांची झुंज सोडवणं

इशारा: दोघांच्या तोंडांमध्ये हात घालू नका, गळपट्टा धरायला तर मुळीच नको. झुंजीतला कुत्रा मागून काय लागलं ते न पाहता वळून चावतो, आणि तो तुमचा लाडका कुत्राही असू शकतो.

सोपं आधी: डोक्यावर पाण्याची बादली किंवा नळी, जोराचा धातूचा आवाज, दोघांवर टाकलेलं घोंगडं किंवा जाकीट, दोघांच्या मध्ये सरकवलेली फळी. काठीने मारू नका. वेदनेने पकड आणखी घट्ट होते.

याने सुटले नाहीत आणि माणसं दोन असतील तर प्रत्येकाने एका कुत्र्याचे मागचे दोन्ही पाय मांड्यांपाशी धरायचे, ढकलगाडीसारखे उचलायचे आणि एकाच वेळी मागे चालायचं, सरळ न जाता कमानीत. कमानीत गेल्याने त्याला पुढच्या पायांवर तोल सांभाळावा लागतो आणि वळून चावता येत नाही. एकानेच ओढलं तर दुसरा कुत्रा हात बांधलेल्या शत्रूवर तुटून पडतो.

मात्र एका कुत्र्याने दात रोवून घट्ट धरलं असेल तर ओढू नका, मांस फाटतं. मागचे पाय उचलून स्थिर धरा, घोंगडं टाका, पकड ढिली होईपर्यंत थांबा आणि त्या क्षणी मागे घ्या. सुटल्यावर पाय लगेच सोडू नका. पट्टा लागेपर्यंत किंवा फाटक मिटेपर्यंत धरून ठेवा. बरेच जण इथेच सोडतात आणि झुंज पुन्हा पेटते.

## टप्पा १०: चावा झाल्यावर

माणसाला चावला असेल तर सगळ्यात आधी वाहतं पाणी आणि साबण, घड्याळ लावून १५ मिनिटं. खूप कमी लोक खरोखर १५ मिनिटं धुतात. दोन मिनिटांत थांबतात. रेबीजचे विषाणू लाळेतून येतात आणि धुण्याने ते जखमेतून कमी होतात. नंतर आयोडीनसारखं जंतुनाशक. तेल, पूड, पाला, काहीही भरू नका. रक्त उसळून येत असेल तर मात्र आधी स्वच्छ कापडाने दाबून धरा.

त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. ओरखड्यातून रक्त आलं नसलं तरी रेबीज असलेल्या प्रदेशात लस लागते. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत देण्याचं इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते विसरू नका, स्वतः विचारा. धनुर्वाताची लस कधी घेतली होती तेही सांगा. चावणारा कुत्रा लस घेतलेला, घरचा असला तरी त्याला १० दिवस नजरेखाली ठेवायचं. ते दहा दिवस संपायची वाट पाहत तुमची लस लांबवायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजचा रोगी जवळपास कधीच वाचत नाही, म्हणून वेळापत्रकातला एकही डोस चुकवू नका. हाताच्या खोल जखमा, मधुमेह, प्लीहा काढलेली असणं, प्रतिकारशक्ती कमी असणं, अशा वेळी चावा लहान दिसला तरी दिरंगाई नको.

कुत्र्याला दुसरा कुत्रा चावला असेल तर जखमेच्या आकारावर जाऊ नका. वर दोन बारीक भोकं दिसतात आणि कातडीखाली दाताने हलवून स्नायू चिरडलेले असतात. लहान कुत्र्याला मोठ्याने तोंडात धरून झटकलं असेल तर छाती आणि पोट आतून दुखावलेलं असू शकतं. हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. उशीर लागला, हिरड्या फिकट दिसल्या किंवा श्वास जोरात चालला तर तडक दवाखाना. तो नीट चालत असला तरी काही तासांत दाखवाच, आणि रेबीजचा जादा डोस हवा का, ते विचारा.

तुमच्या कुत्र्याने चावा घेतला असेल तर तिथून निघून जाऊ नका. कुत्रा पट्ट्यावर घेऊन लांब बांधा, मग परत या. नाव, फोन नंबर आणि लसीच्या पुस्तिकेचा फोटो न मागता द्या; समोरच्याचे उपचार त्यावर ठरतात. दवाखान्याचा खर्च स्वतःहून विचारा. स्थानिक नियमांप्रमाणे नोंद करा. पुढचे दहा दिवस कुत्रा घरात बंदिस्त ठेवा, बाहेर न्यायचाच झाला तर पट्ट्यावर आणि लोकांपासून दूर; वागण्यात बदल, गिळायला त्रास, पाय लटपटणं, काहीही दिसलं तर पशुवैद्याला आणि चावा झालेल्या व्यक्तीला लगेच कळवा. दहा दिवसांनंतर वही पुन्हा उघडा. चावा कुठे, किती अंतरावर, कशावरून झाला ते लिहा, आणि पहिल्या टप्प्यातल्या तपासणीसाठी वेळ ठरवा.

मार खाल्लेल्या कुत्र्यालाही तीन-चार आठवडे ओळखीच्या, शांत वाटेवरच न्या. पूर्वी १० पावलांवर शांत राहणारा आता ४० पावलांवर थरथरू शकतो. त्याची नवी हद्द मोजा, तिच्या बाहेर राहा आणि दुसरा कुत्रा दिसला की खाऊ द्या, तो भुंकायच्या आधी.